टर्मिनेटर चित्रपटमालिकेचा कालक्रम : प्रकल्प नोंदी

२ जून

टर्मिनेटर मालिकेतील सहा चित्रपटांमधून (१९८४, १९९१, २००३, २००९, २०१५ आणि २०१९) मिळणाऱ्या सगळ्या तारखा, वये आणि 'इतक्या वर्षांनी' अशा धाटणीची विधाने एकाच तक्त्यात आणायची, आणि त्यांपैकी कोणती परस्परांशी जुळत नाहीत ते ठरवायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. दूरचित्रवाणीवरील मालिका, चित्रकथा आणि चित्रपटांवरून लिहिलेल्या कादंबऱ्या पूर्णपणे बाहेर ठेवल्या आहेत. त्यांत तारखा भरपूर मिळतात, परंतु त्या बऱ्याचदा चित्रपटातील खड्डे बुजवण्यासाठीच घातलेल्या असतात, आणि मला तर खड्डे मोजायचे आहेत.

पुराव्याचे तीन दर्जे ठरवले. पडद्यावर अक्षरांत दिसलेली तारीख 'अ', पात्राच्या तोंडून ऐकू आलेली 'आ', आणि हिशेबाने काढलेली 'इ'. प्रत्येक ओळीपुढे हा दर्जा लिहिल्याशिवाय ती ओळ तक्त्यात घ्यायची नाही, असा नियम केला आहे.

५ जून

पहिल्याच चित्रपटात, पहिल्या काही मिनिटांतच काम अडले. सारा कॉनरला मारायला निघालेल्या यंत्रमानवापासून तिला वाचवण्यासाठी २०२९ मधून आलेला सैनिक काइल रीस एका पोलिसाला आजची तारीख विचारतो आणि पोलीस '१२ मे, गुरुवार' असे उत्तर देतो. वर्ष १९८४ असल्याचे पडद्यावरील अक्षरे आधीच सांगतात. दिनदर्शिका काढून पाहिली, तर १२ मे १९८४ रोजी शनिवार होता.

१२ मे हा दिवस गुरुवारी आला तो १९८३ मध्ये. हा चित्रपट मुळात १९८३ मध्येच चित्रित व्हायचा होता, आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर दुसऱ्या एका चित्रपटाला बांधील असल्यामुळे काम कित्येक महिने पुढे गेले, ही बाब सर्वश्रुत आहे. त्यामुळे वर्ष बदलले आणि वार मात्र जुन्या दिनदर्शिकेतला तसाच राहिला, असा माझा तर्क आहे. तर्क असल्यामुळे तो शेऱ्याच्या रकान्यात टाकला आहे. कथेच्या आतून पाहायचे तर पहाटे दोनच्या सुमारास, समोर पँट चोरून पळालेला माणूस आणि त्याच्या हातात पिस्तूल, अशा अवस्थेत त्या पोलिसाचा वार चुकला, एवढेच म्हणता येईल.

ही चूक क्षुल्लक आहे, पण ती पहिलीच हाती लागली हे बरे झाले. तिला कालप्रवासाचे कोणतेही स्पष्टीकरण चिकटत नाही. कालप्रवाशाने काहीही बदलले तरी आठवड्याचे वार बदलत नाहीत.

६ जून

आजचा अर्धा दिवस तक्ता दुरुस्त करण्यात गेला. स्प्रेडशीटमध्ये वर्षे दोन अंकी टाकत होतो, आणि या प्रोग्रामची दोन अंकी वर्षांची सीमा नेमकी २०२९ वर बसवलेली निघाली. म्हणजे '२९' लिहिले तर २०२९, आणि '३०' पासून पुढे सगळे विसाव्या शतकात. तिसऱ्या चित्रपटात सारा आणि काइल यांचा मुलगा, यंत्रांविरुद्धच्या लढ्याचा भावी नेता जॉन कॉनर याचा मृत्यू ४ जुलै २०३२ रोजी होतो असे यंत्रमानव सांगतो. माझ्या तक्त्यात तो १९३२ साली, म्हणजे स्वतःच्या जन्माच्या ५३ वर्षे आधी मरण पावला होता, आणि वयाच्या रकान्यात उणे चिन्ह आले नसते तर ते माझ्या लक्षातही आले नसते.

दुसरी अडचण अशी की पडद्यावरील अमेरिकी तारखांत महिना आधी आणि दिवस नंतर येतो. '२/२८/८५' ही तारीख प्रोग्रामने तारीख म्हणून स्वीकारलीच नाही, कारण अठ्ठाविसावा महिना नसतो. ती मुकाट्याने मजकूर म्हणून बसली आणि तिच्यावर अवलंबून असलेली सूत्रे कोरडी राहिली. आता वर्ष, महिना आणि दिवस यांचे तीन स्वतंत्र रकाने केले आहेत.

११ जून

दुसरा चित्रपट कोणत्या वर्षी घडतो, या एका प्रश्नावर सहा दिवस खर्च झाले, आणि ते वाया गेले असे वाटत नाही.

प्रचलित उत्तर १९९५ असे आहे आणि त्याचा पुरावा 'अ' दर्जाचा आहे. जॉनला मारण्यासाठी भविष्यातून आलेला यंत्रमानव टी-१००० पोलिसांच्या गाडीतील संगणकावर जॉन कॉनरचे नाव शोधतो, तेव्हा पडद्यावर मुलाची माहिती येते. ते चित्र थांबवून वाचले. जन्मतारीख २८ फेब्रुवारी १९८५ आणि वय १०. म्हणजे कथा २८ फेब्रुवारी १९९५ च्या आधीची असू शकत नाही, आणि पुढचा वाढदिवस येण्याआधीची असली पाहिजे.

आता त्याच चित्रपटातील यंत्राची साक्ष पाहू. जॉनच्या रक्षणासाठी पाठवलेला दुसरा यंत्रमानव, टी-८००, जॉनला सांगतो की आजपासून ३५ वर्षांनी तूच मला नव्याने प्रोग्राम करून इकडे पाठवलेस. तो २०२९ मधून आलेला आहे, तेव्हा २०२९ मधून ३५ वजा केले की १९९४ उरते. येथे कोणीही म्हणेल की एका वर्षाचा फरक आहे, त्याने ढोबळ आकडा सांगितला असेल. परंतु हेच यंत्र थोड्या वेळाने स्कायनेटला, म्हणजे पुढे अणुयुद्ध पेटवणाऱ्या लष्करी संगणकप्रणालीला, २९ ऑगस्ट १९९७ रोजी पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार पहाटे २ वाजून १४ मिनिटांनी स्वतःची जाणीव होईल असे सांगते. मिनिटांपर्यंत नेमके बोलणारे यंत्र वर्षांच्या बाबतीत ढोबळ बोलते, हे मला पटत नाही.

याहून भक्कम पुरावा त्याच संभाषणात आहे. यंत्र म्हणते की तीन वर्षांत सायबरडाइन कंपनी लष्करी संगणक पुरवणारी सर्वांत मोठी कंपनी बनेल, त्यानंतर तिचे संगणक बॉम्बफेकी विमानांत बसवले जातील, त्यानंतर स्कायनेटच्या निधीचे विधेयक मंजूर होईल आणि ४ ऑगस्ट १९९७ रोजी ती प्रणाली सुरू होईल. कथा १९९५ मध्ये घडत असेल तर 'तीन वर्षांत' म्हणजे १९९८. तोवर अणुयुद्ध होऊन वर्ष उलटलेले असेल आणि सर्वांत मोठा पुरवठादार कोण, हे विचारायला कोणी शिल्लक राहणार नाही. मधल्या पायऱ्यांना थोडाही वेळ द्यायचा, तर कथा १९९४ च्या पूर्वार्धातच बसवावी लागते.

म्हणजे पोलिसांचा कागद १९९५ म्हणतो आणि यंत्राची दोन विधाने स्वतंत्रपणे १९९४ म्हणतात. कथा १९९४ मध्ये घडली तर जॉन नऊ वर्षांचा ठरतो.

कागदावर किती विश्वास ठेवावा, हे तपासण्यासाठी जन्मतारखेचाच हिशेब करून पाहिला. पहिल्या चित्रपटातील घटनाक्रमानुसार गर्भधारणा १३ किंवा १४ मे १९८४ च्या रात्रीची. तेथून २८ फेब्रुवारी १९८५ पर्यंत २९० दिवस भरतात. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचा सामान्य काळ सुमारे २६६ दिवसांचा मानतात, त्या हिशेबाने जॉन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मायला हवा होता. तीन आठवड्यांहून अधिक उशीर अशक्य नाही, पण संशयास्पद नक्कीच आहे. त्यात सारा तेव्हा देशाबाहेर, मेक्सिकोच्या बाजूला लपून राहत होती, तेव्हा पुढे नोंदवली गेलेली जन्मतारीख ही तिने सांगितलेली असणार. अर्थात महिना पुढे-मागे केल्याने वर्ष सुटत नाही. फेब्रुवारीच्या कोणत्याही तारखेला जन्मलेला मुलगा १९९४ मध्ये नऊच वर्षांचा असतो, त्यामुळे हा सगळा खटाटोप करून कागद थोडासा डळमळला, पडला नाही.

निर्णय : दोन्ही वर्षे तक्त्यात ठेवली आहेत आणि त्या ओळीला 'अंतर्गत, न सुटणारी' असा शिक्का मारला आहे. माझे स्वतःचे मत १९९४ च्या बाजूने झुकते, कारण वय हा आकडा पडद्यावर क्षणभर दिसतो, तर १९९७ च्या युद्धाकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर संपूर्ण कथेचा भार आहे.

१२ जून

कालच्या प्रश्नाला तिसऱ्या चित्रपटाने आणखी एक गाठ मारली. त्यात मोठा झालेला जॉन सुरुवातीच्या निवेदनात सांगतो की यंत्रांनी त्याच्यावर दुसरा हल्ला केला तेव्हा तो १३ वर्षांचा होता. १९८५ मध्ये १३ मिळवले की १९९८ येते. पण याच चित्रपटात साराच्या समाधीशिळेवर १९५९–१९९७ असे कोरलेले आहे. दोन्ही खरे मानले तर दुसऱ्या चित्रपटात धावणारी, गोळ्या झाडणारी सारा त्याआधीच मेलेली होती. एकच चित्रपट आपल्याच दोन विधानांना इतक्या सरळपणे छेद देतो, असे हे या मालिकेतील सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

त्यावर कडी म्हणजे जॉन सांगतो की डॉक्टरांनी आईला सहा महिने दिले होते, पण ती तीन वर्षे झगडली, जगबुडीची तारीख टळल्याचे पाहूनच गेली. १९९७ मधून तीन वजा केले की पुन्हा १९९४. हा आजार दुसऱ्या चित्रपटातील सायबरडाइनच्या प्रकरणानंतरच्या काळात उघडकीस आल्याचे दिसते, त्यामुळे कालच्या माझ्या मताला अनपेक्षित साक्षीदार मिळाला. १३ हा आकडा कोठून आला असावा, याचा अंदाज करता येतो : दुसऱ्या चित्रपटाच्या चित्रीकरणावेळी जॉनचे काम करणारा एडवर्ड फरलाँग १३ वर्षांचा होता. नव्या लेखकांनी कागदावरच्या मुलापेक्षा पडद्यावरचा मुलगा प्रमाण धरला असावा.

१७ जून

तक्त्यातील विसंगतींच्या ओळी वाढत चालल्या, तशी एक अडचण स्पष्ट झाली. कोणतीही ओळ दाखवली की 'कालप्रवासामुळे भूतकाळ बदलला असेल' हे उत्तर तयार असते आणि ते सगळीकडे लागू करता येते. जे उत्तर प्रत्येक प्रश्नाला चालते ते कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नसते, म्हणून त्याला मर्यादा घालणे भाग होते.

त्यासाठी 'फाट्याची तारीख' असा रकाना वाढवला. भविष्यातून कोणी येऊन पोहोचतो त्या क्षणी काळाला फाटा फुटतो असे धरले, तर तो फाटा त्या क्षणाच्या पुढचे बदलू शकतो, मागचे नाही. म्हणून दोन चित्रपटांत ज्या गोष्टीबद्दल मतभेद आहे ती गोष्ट फाट्याच्या नंतरची असेल तर विसंगती माफ, आधीची असेल तर ती लेखनातील चूक. ही कसोटी लावताच तक्ता एकदम हलका झाला.

साराचे जन्मवर्ष घ्या. समाधीशिळा १९५९ सांगते. २०१५ च्या चित्रपटात १९७३ साली ती नऊ वर्षांची आहे, म्हणजे जन्म १९६३ किंवा १९६४ चा. सहाही चित्रपटांत सर्वांत आधी पोहोचणारा प्रवासी १९७३ मध्ये येतो, तेव्हा तिचा जन्म सगळ्या फाट्यांच्या आधीचा आहे आणि येथे कालप्रवासाची ढाल चालत नाही. चूक म्हणून नोंदवले. तक्ता तपासून देणाऱ्या मैत्रिणीने यावर हरकत घेतली, आणि ती मला मान्य करावी लागली : त्या शवपेटीत सारा नाहीच, शस्त्रे भरलेली आहेत. जी कबर शस्त्रे लपवण्यासाठी बांधली, तिच्यावरचे वर्ष खरे असलेच पाहिजे असे कोणी सांगितले? शिळेचा दर्जा 'अ' वरून खाली आणला आहे. त्यामुळे १९९७ हे मृत्युवर्षही आता शिळेवर नव्हे, तर जॉनच्या तोंडी विधानावर उभे आहे.

१८ जून

नव्या कसोटीने दोन जुने आरोपी निर्दोष सुटले.

पहिला आरोप असा असतो की काइल रीस पहिल्या चित्रपटात 'मी युद्ध पाहिले नाही, त्यानंतर अवशेषांमध्ये वाढलो' असे सांगतो, तर २००९ च्या चित्रपटात २०१८ साली तो सतरा-अठरा वर्षांचा दिसतो, आणि तिसऱ्या चित्रपटानुसार युद्ध तर २००४ चे. परंतु पहिल्या चित्रपटातील काइल ज्या इतिहासातून आला, त्यात युद्ध १९९७ चे होते. तो २००१ च्या सुमारास जन्मला असे धरले, तर त्या इतिहासात तो युद्धानंतरचा, युद्ध २००४ पर्यंत लांबलेल्या इतिहासात युद्धाच्या वेळी तीन वर्षांचा, २०१८ मध्ये सतरा आणि २०२९ मध्ये अठ्ठावीस वर्षांचा ठरतो. सगळे बसते. (अणुयुद्ध झाले काय आणि न झाले काय, त्याच्या आईवडिलांची गाठ त्याच सुमारास पडते, हा योगायोग मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही.)

दुसरा आरोप टी-८०० विषयी आहे. काइल सांगतो की रबरी कातडीचे ६०० मालिकेतील यंत्रमानव सहज ओळखू येत, हे मात्र नवे आहेत. आणि २०१८ मध्ये तर त्वचा चढवलेला टी-८०० कारखान्यात तयार दिसतो. फाटा त्याच्या कितीतरी आधीचा असल्याने ही विसंगती माफ होते. त्याच चित्रपटात काइल हा जॉनचा पिता ठरणार आहे हे स्कायनेटला ठाऊक कसे, या प्रश्नाला मात्र उत्तर सापडत नाही. पण तो तारखेचा प्रश्न नसल्यामुळे या तक्त्यात घेतलेला नाही.

२०१९ च्या चित्रपटाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो दुसऱ्या चित्रपटाला जोडला जातो, मधले तीन बाजूला ठेवतो, १९९८ मध्ये सुरू होतो आणि २२ वर्षे पुढे उडी घेतो. नोंदीचा जन्मदिनांक धरला तर त्याच्या सुरुवातीला जॉन १३ वर्षांचा येतो. ज्या चित्रपटाला तो मोजतच नाही, त्याचे १३ आणि १९९८ हे दोन्ही आकडे येथे नकळत एकत्र आले आहेत.

२३ जून

आज तारखा सोडून कालप्रवासाच्या नियमांकडे वळावे लागले. पहिल्या चित्रपटात पोलीस ठाण्यातील जबानीत काइल दोन गोष्टी ठामपणे सांगतो. एक, सजीव पेशींचे आवरण नसलेली वस्तू कालयंत्रातून पार होत नाही, म्हणून तो शस्त्राशिवाय आला. दोन, त्याच्यामागून ते कालयंत्राचे केंद्र उडवून दिले जाणार आहे, त्यामुळे आणखी कोणी येणार नाही. दुसऱ्या चित्रपटात आणखी दोघे येतात, आणि त्यांपैकी टी-१००० हा संपूर्णपणे द्रवरूप धातूचा असून त्याच्यात सजीव असे काहीही नाही.

येथे फाट्याची कसोटी लागू करता येत नाही, कारण हे दोघे आणि काइल एकाच २०२९ मधून आल्याचे दुसरा चित्रपट सांगतो. काइल हा सैनिक आहे, त्याला त्या यंत्रणेचे ज्ञान नाही आणि तसे तो स्वतःच कबूल करतो, एवढाच बचाव उरतो. म्हणून 'आ' दर्जाचे दोन भाग केले : स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले. मौज अशी की ती जबानी ऐकणारा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर या कहाणीला पुराव्याची गरजच पडत नाही म्हणून तिची तारीफ करतो. या मालिकेच्या कालक्रमाचा पहिला टीकाकार तोच.

२८ जून

एक ओळ कोठेच बसत नाही, ती छायाचित्राची.

पहिल्या चित्रपटाच्या शेवटी गरोदर सारा जीपमध्ये बसून ध्वनिफितीवर मुलासाठी बोलत असते. ध्वनिफितीची तारीख ती १० नोव्हेंबर सांगते, म्हणजे माझ्या हिशेबाने १८० दिवस झालेले. पेट्रोल पंपावरचा एक मुलगा झटपट छायाचित्र काढतो आणि तिच्याकडून पैसे मागतो. ते छायाचित्र हाती येते तेव्हा आपण ते ओळखतो, कारण २०२९ च्या काळात काइलजवळ तेच होते, कडा झिजलेले, आणि एका हल्ल्यात ते जळताना आपण पाहिलेले असते. ती त्या क्षणी काय विचार करत असेल, असे काइलला नेहमी वाटायचे. ती त्याचाच विचार करत होती.

फाट्याच्या नियमाने पाहिले तर हे अशक्य आहे. काइलच्या येण्याने नवा फाटा फुटत असेल, तर तो ज्या इतिहासातून आला त्यात तो आलेला नव्हता, जॉनचा पिता दुसरा कोणी होता आणि पेट्रोल पंपावरच्या बाईच्या चेहऱ्यावर तो विषाद असण्याचे कारणच नव्हते. छायाचित्र तेच आहे, म्हणून काळ एकच आहे आणि तो वर्तुळाकार आहे. जे झाले तेच होते, प्रवासी काहीही बदलू शकत नाही. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांचे स्व-सुसंगतीचे तत्त्व नेमके हेच सांगते. उलट दुसऱ्या चित्रपटापासून पुढे सगळे काही बदलता येते, आणि ती मांडणी ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेच्या जवळ जाते.

म्हणजे वार, वये आणि समाधीशिळा यांच्यामागे लागून मी जे मोजत होतो, ते कथेच्या कडेचे कपचे होते. खरा सांधा १९८४ आणि १९९१ यांच्या मधोमध निखळलेला आहे. तेथे काळ म्हणजे काय, याची व्याख्याच बदलते. आणि हे दोन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे, जेम्स कॅमेरॉन यांचे असल्यामुळे नंतरच्या मंडळींवर त्याचा बोजा टाकता येत नाही. त्यातही काइलच्या तोंडी पहिल्याच चित्रपटात एक वाक्य आहे की तो ज्या भविष्यातून आला ते साराच्या दृष्टीने एक संभाव्य भविष्य आहे. दाराला फट तेव्हाच ठेवलेली होती. पण छायाचित्र त्या फटीतून बाहेर निघत नाही.

३० जून

तक्ता दोन पानांत विभागला. पहिल्या पानावर फक्त १९८४ चा चित्रपट, वर्तुळाच्या आकारात, शेवटाकडून सुरुवातीकडे परत येणाऱ्या बाणासह. दुसऱ्या पानावर उरलेले पाच, फाट्यांच्या झाडाच्या रूपात, प्रत्येक फांदीवर फाट्याची तारीख घालून. १९९४ की १९९५ ही ओळ झाडाच्या बुंध्याशी दोन्ही आकड्यांसह ठेवली आहे. पहिल्या पानावरील १२ मे १९८४ पुढे कंसात 'शनिवार' असे लिहिले आहे.

दुसऱ्या पानाचे मूळ म्हणून पहिले पानच लागते, त्यामुळे ते चिकटवताना वर्तुळ एका जागी कापावे लागले. बऱ्याच विचाराने ते पेट्रोल पंपापाशी कापले आहे. छायाचित्राची ओळ कापलेल्या दोन्ही टोकांना लिहिली आहे आणि मधली जागा कोरी ठेवली आहे.